वैनगंगेकाठचे पवित्र शास्त्र

भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे थोडी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती आणि तीत ख्रिस्त्यांचे प्रमाण अर्धा टक्काही भरले नाही. धानाची शेती, मालगुजारी तलाव, पितळेची भांडी आणि मँगनीजच्या खाणी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे नाव मराठी ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात अहमदनगर किंवा वसईच्या बरोबरीने घेतले जात नाही. तरी मराठी बायबलचा पहिला खर्डा ज्या मराठीत उतरला ती मराठी या मुलखाच्या राजधानीतून गेलेली होती, आणि मराठी ख्रिस्ती कवितेला वळण देणारा नवा करार ज्या रेल्वेप्रवासात एका ब्राह्मण कवीच्या हाती पडला तो रेल्वेमार्ग याच जिल्ह्यातून जातो. इथे शास्त्र आधी आले, मंडळी मागून. ती लहानच राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या वेळी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी अनेक भारतीय भाषांत बायबल उतरवण्याच्या खटपटीत होता. १८०० साली निघालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली व संस्कृत शिकवी. पुढे मराठीही त्याच्याकडे आली. मराठीसाठी त्याचा मुख्य आधार होता पंडित वैजनाथ शर्मा. वैजनाथ मूळचे नागपूरचे. कॅरीला पुण्याची मराठी ठाऊक होण्याचे कारण नव्हते. त्याच्या कानावर पडली ती वैजनाथांची, म्हणजे भोसल्यांच्या दरबाराच्या आणि पूर्वेकडच्या मुलखाच्या वळणाची मराठी. १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण निघाले आणि त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान छापून झाले. १८१० मध्ये कोश आला, १८११ मध्ये संपूर्ण नवा करार. व्याकरणातली मराठी देवनागरीत छापली होती, कारण मोडीचे खिळे तयार नव्हते. ते नंतर पाडले गेले, आणि कोशातले मराठी शब्द मोडीत उमटले. त्या काळी लिहिता-वाचता येणारा मराठी माणूस हिशेब, पत्रे, करारमदार मोडीतच लिही. शास्त्र त्याच्या हाती द्यायचे तर मोडीतून द्यावे, हा विचार त्यामागे होता. वैजनाथांनी ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ ही पुस्तकेही मराठीत आणली आणि भोसल्यांची वंशावळ लिहिली. छापील मराठी गद्याच्या पहिल्या पानांवर त्यामुळे नागपूरचा ठसा आहे.

हाच ठसा पुढे या भाषांतराच्या आड आला. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कोकण आणि देशावरच्या लोकांना श्रीरामपूरची मराठी परकी वाटते, असा त्यांचा अनुभव. त्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले. १८२६ मध्ये त्यांचा नवा करार आणि १८४७ मध्ये मुंबईत संपूर्ण बायबल छापून निघाले. पुढच्या सुधारणा याच मुंबई-पुण्याच्या पायावर झाल्या. कॅरीची प्रत ग्रंथालयांत राहिली. एखादे भाषांतर सदोष म्हणून बाजूला पडते आणि एखादे वेगळ्या प्रांताचे म्हणून, यांतला फरक तेव्हा कुणी फारसा केला नाही. श्रीरामपूरच्या भाषांतरात दोष होतेच, पण नागपूरकडचे शब्द हा त्यांतला दोष मानला गेला, हे मात्र प्रमाण मराठीच्या इतिहासाचेच एक प्रकरण आहे. परिणाम असा झाला, की पुढे भंडाऱ्यात मंडळी उभी राहिली तेव्हा तिच्या हाती पश्चिम महाराष्ट्रात घडलेल्या भाषेचे शास्त्र होते.

मिशनचे काम नागपुरात १८४५ मध्ये सुरू झाले. मद्रास फौजेतले कॅप्टन हिल यांनी दिलेल्या देणगीतून स्कॉटलंडच्या फ्री चर्चने स्टीफन हिस्लॉप यांना पाठवले. फ्री चर्च तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. पाळक नेमण्याच्या हक्कावरून १८४३ साली ते स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून फुटून निघाले होते. मंडळीने आपला पाळक आपण निवडावा आणि सरकार-जमीनदारांनी त्यात पडू नये, हा त्या फुटीचा गाभा. हिस्लॉप शाळा काढणारा, दगड-जीवाश्म गोळा करणारा, गोंडांची भाषा व गाणी टिपून ठेवणारा माणूस होता. त्याच्या नावावरून एका खनिजाला हिस्लॉपाइट म्हणतात. मध्य प्रांतातल्या आदिवासींवरची त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये संपादून छापली. ती पाहायला हिस्लॉप नव्हता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. त्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात १८८३ मध्ये निघाले.

दरम्यान राज्य बदलले होते. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, नागपूर खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. या प्रांतात मिशन संस्थांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतल्यासारखे चित्र तयार झाले. नागपूर, भंडारा, वर्धा ही फ्री चर्चकडे. दक्षिणेला चांद्यात स्कॉटलंडचेच पण एपिस्कोपल, म्हणजे बिशप मानणारे चर्च. उत्तरेला बालाघाटच्या गोंडांत जॉन लॅम्पार्ड यांचे बालाघाट मिशन. पूर्वेला छत्तीसगडात १८६८ पासून ऑस्कर लोर यांचे जर्मन इव्हँजेलिकल मिशन. कॅथलिकांचा पाया कामठीच्या छावणीत. फ्रान्समधील ॲनसीहून आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे धर्मगुरू इथे काम करीत, आणि १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. भंडाऱ्याचे कॅथलिक त्याच धर्मप्रांतात येतात.

फ्री चर्चचे भंडारा येथील ठाणे १८८० च्या दशकातले. दवाखाना आणि शाळा ही त्याची दोन पावले. धर्मोपदेश ऐकायला कोणी येवो न येवो, हिवतापाच्या आणि पटकीच्या या मुलखात औषधाला माणूस येतोच. त्यामुळे वैद्यकी जाणणारा मिशनरी इथे सोयीचा ठरला. तलाव आणि धानाच्या बांध्यांमुळे जिल्हा डासांचे आगरच होता. दवाखान्याच्या पडवीत रांग लागे आणि तिथेच शास्त्रातला एखादा दाखला वाचून दाखवला जाई. ही पद्धत मध्य प्रांतातल्या बहुतेक मिशन दवाखान्यांत होती. पुरुष उपदेशक बाजारच्या दिवशी आठवडी बाजारात उभे राहत, आणि बायबलबाया घरोघर जात. बायबलबाई हा त्या काळाचा लक्षात राहण्याजोगा पेशा आहे. लिहिता-वाचता येणारी, बहुधा विधवा किंवा दुष्काळात अनाथ झालेली स्त्री माजघरात बसून बायकांना अक्षरे शिकवी आणि गोष्टी सांगे. पाळकाला ज्या दारात उभेही राहता येत नसे, त्या घरात ती आत जाऊन बसे.

मंडळीची रचना प्रेसबिटेरियन होती. बिशप नाही, मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहत, आणि अनेक मंडळ्यांचे पाळक-वडील एकत्र बसून प्रेसबिटरी भरत असे. बाप्तिस्मा कोणाला द्यावा, प्रभुभोजनाला कोणाला बसू द्यावे, भांडणतंटा कसा मिटवावा, हे वडिलांच्या बैठकीत ठरे. जातपंचायतीत वाढलेल्या माणसाला ही बैठक अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. फरक होता तो पंगतीत. निरनिराळ्या जातींतून आलेली माणसे एकाच प्याल्यातून, एकाच भाकरीतून घेत. मंडळीच्या जीवनातला सगळ्यात अवघड विधी उपदेश नसून प्रभुभोजन होता, असे म्हटले तर ते वावगे नाही. माणूस घराबाहेर पडे तो बहुधा या पंगतीमुळे, आणि त्यामुळेच मिशनला त्याच्या राहण्याची, कामाची, लग्नाची सोय पाहावी लागे. मिशनच्या आवारातली वस्ती अशी उभी राहिली, आणि मंडळी आजूबाजूच्या गावापासून काहीशी तुटलीही.

गाण्याचा प्रश्न वेगळा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चमध्ये दीर्घकाळ फक्त स्तोत्रे गात, तीही वाद्याशिवाय. इतर गीतांना तिथे १८७० च्या दशकात परवानगी मिळाली, वाद्यांना १८८३ मध्ये. म्हणजे भंडाऱ्याचे ठाणे सुरू होत होते त्याच सुमारास मायदेशी चर्चमध्ये ऑर्गन वाजू लागला होता. मराठी मंडळीला वाद्यावाचून भजन ही कल्पनाच परकी. तिच्याकडे टाळ, तबला, पेटी आणि अभंग-ओवीच्या चाली होत्या. अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची पद्धत घातली होती: नमन, निरूपण, आख्यान, सारे हरिदासाच्या वळणाचे, कथा मात्र शास्त्रातली. साकी, दिंडी, आर्या अशा छंदांत गीते रचली गेली आणि ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात इंग्रजी चालींच्या शेजारी बसली. विदर्भातल्या मंडळ्यांपर्यंत हा ठेवा पश्चिमेकडून आला, पण गाण्याला प्रांताची अडचण होत नाही. बायबलची भाषा कानाला लांबची वाटली तरी अभंगाची चाल ओळखीची होती.

या गीतसंग्रहातले मोठे नाव नारायण वामन टिळकांचे, आणि त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या गाडीत घडली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० पासून टप्प्याटप्प्याने उघडली आणि १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली; पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली आणि रुंद झाली. हा मार्ग कामठीहून निघून आजच्या वरठीचे भंडारा रोड स्थानक, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असा वैनगंगा ओलांडून दरेकशाच्या डोंगरातून डोंगरगडकडे जातो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. ते स्वतंत्र झाले १ मे १९९९ रोजी. म्हणजे त्या काळच्या प्रवाशाचा नागपूर ते राजनांदगाव या वाटेवरचा बराच वेळ भंडारा जिल्ह्यातच जाई.

टिळक १८९१ च्या सुमारास नागपुरात होते. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक काढीत. जातिभेद आणि कर्मकांड यांविषयीचा असंतोष मनात होताच. १८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली, म्हणून ते निघाले. मधल्या वर्गाच्या डब्यात समोर एक युरोपियन गृहस्थ बसले होते. ते फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड. १८८१ पासून भारतात होते आणि बऱ्हाणपुरापासून त्यांच्या कामाला आरंभ झाला होता. कवितेवरून बोलणे निघाले, धर्मावर आले. वॉर्ड यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी वाचायचे कबूल केले, कारण शब्द दिला होता. फारशी श्रद्धा त्यात नव्हती. डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांचा अदमास बरोबर निघाला.

ही गोष्ट ख्रिस्ती प्रवचनांत चमत्कारासारखी सांगितली जाते. तिच्यातला इतिहास मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. टिळकांचे मन कुणा मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्याच्या पडवीत वळले नाही. छापील पुस्तकाने वळले, आणि ते पुस्तक त्यांनी एकट्याने, टिपणे काढत, वादविवाद करत वाचले. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिक्षक, पाळक, कवी झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ख्रिस्ताला त्यांनी गुरू, माउली म्हणून आळवले. ज्ञानोबा-तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि आगगाडीतल्या भेटीनंतरच्या घरातल्या वादळाची हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त येते. विदर्भातल्या मंडळ्या रविवारी टिळकांची गीते गातात तेव्हा रेल्वेची ही कथा पाळक आवर्जून सांगतात, आणि ती सांगताना स्थानकांची नावे येतात ती ऐकणाऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातली.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत मोडून टाकला. पाऊस गेला की धान गेले, आणि भंडाऱ्यासारख्या तळ्यांच्या मुलखातही तळी आटली की दुसरा आधार उरत नसे. मिशनच्या मंडळ्या या वर्षांत वाढल्या त्या मुख्यतः अनाथ मुलांनी. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात फिरल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रिया त्यांनी पुण्याकडे नेल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यांतून वाढले. रमाबाईंच्या बायबल भाषांतराशी या मुलींचा संबंध आहे. प्रचलित मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झाले आहे, अल्पशिक्षित बाईला ते कळत नाही, आणि त्यातले पुष्कळ शब्द हिंदू कल्पनांनी भारलेले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून सोपे मराठी भाषांतर केले, ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळवले गेले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या; संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. मंडळ्यांच्या उपासनेत ते फारसे वापरले गेले नाही. व्यासपीठावरून वाचायला लोकांना भारदस्त शब्द लागतात, आणि सोपी भाषा शास्त्राला शोभत नाही असे वाटते, ही गोष्ट ख्रिस्त्यांपुरती नाही.

छत्तीसगडात सतनामी समाजातून मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. भंडाऱ्यात तसे घडले नाही. कारणांपैकी एक असे, की जातीच्या उतरंडीला नकार देणारे पंथ इथे आधीच रुजले होते. विणकर आणि महार समाजात कबीरपंथ होता, महानुभावांचे मठ होते. मूर्तिपूजेला आणि सोवळ्याला विरोध करणारे बोल इथल्या श्रोत्याला नवे नव्हते. दुसरे कारण विसाव्या शतकातले. नागपूर-भंडाऱ्यातल्या अस्पृश्यांच्या चळवळीने मिशनऐवजी बाबासाहेब आंबेडकरांचा रस्ता धरला. १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवायला बाबासाहेबांनी भंडारा निवडला. ते पडले, पण चळवळीचे मूळ इथे किती खोल गेले होते ते त्या निवडीवरून दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि जिल्ह्यातला महार समाज बहुसंख्येने बौद्ध झाला. त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल आला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. धर्मांतर हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी समितीची एक शिफारस होती. समितीचे अध्यक्ष, नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी, स्वतः धम्मदीक्षेत बौद्ध झाले.

परदेशी मिशनरी कमी होत गेले तसा कारभार मंडळ्यांच्या हाती आला. नावेही बदलत गेली. १९०० मध्ये फ्री चर्च दुसऱ्या एका शाखेशी मिळून युनायटेड फ्री चर्च झाले, १९२९ मध्ये ते स्कॉटलंडच्या मूळ चर्चमध्ये परतले. भारतात १९०४ साली प्रेसबिटेरियन मंडळ्यांचे एकत्र चर्च झाले, १९२४ मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांसह उत्तर भारताचे संयुक्त चर्च. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. या ऐक्यात प्रेसबिटेरियनांनी बिशप स्वीकारला आणि अँग्लिकनांनी वडिलांचा कारभारातला वाटा. बिशप नको म्हणणाऱ्या परंपरेतली भंडाऱ्याची मंडळी अशा रीतीने नागपूरच्या बिशपांच्या धर्मप्रांतात आली.

वाचनाची भाषा मात्र बदलली नाही. भंडाऱ्याची बोली झाडीबोली. तिच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, की तिच्या उच्चारांत ण, ळ, श, ष हे वर्ण नाहीत. ण च्या जागी न येतो. मराठी शास्त्राची शब्दसंपदा नेमकी याच वर्णांनी भरलेली आहे: मंडळी, पाळक, मेंढपाळ, तारण, वल्हांडण, शिष्य, देवाचे वचन पाळणे. रविवारी व्यासपीठावरून वाचणारा हे वर्ण जपून उच्चारतो, आणि उपासना संपून माणसे पडवीत उभी राहिली की बोलणे पुन्हा झाडीत येते. दंडार, खडीगंमत, नाटके यांनी या बोलीला मंच दिला आणि झाडीबोलीची साहित्य संमेलनेही भरतात.